पालेभाज्या ओळखण्याच्या खुणा : मंडई, आठवडे बाजार आणि पावसाळी रानभाज्या

मंडईकर | 6 जुलै, सकाळी 9:12

पाऊस लागला की मंडईत आणि सिंहगडाच्या पायथ्याला भाज्यांचे वाटे वाढतात. वेल्हे, मुळशी, भोरकडून टाकळा, कुर्डू, फोडशी येऊ लागते. मेथी-पालक घेणाऱ्याच्या नजरेला हे सगळे वाटे सारखेच हिरवे दिसतात, आणि मग त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात. चुका कोणता, पालक कोणता? वडीचा अळू कसा ओळखायचा? घोळ म्हणून घेतली ती घोळच कशावरून? म्हणून हा धागा. ज्याला जी भाजी खात्रीने ठाऊक आहे त्याने ती घ्यावी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या झाडापासून ती वेगळी कशी काढायची तेवढं लिहावं. पाककृतींचे धागे वेगळे आहेत.

सुरुवात मी करतो. नुसत्या पानाच्या आकारावर विसंबू नका. कोथिंबिरीचं खालचं पान पंख्यासारखं पसरट असतं आणि फुलावर आल्यावर त्याच झाडाचं वरचं पान दोऱ्यासारखं बारीक होतं. अंबाडीची खालची पानं अखंड आणि वरची बोटांसारखी चिरलेली. एकाच जुडीत दोन्ही दिसली की माणूस गोंधळतो.

त्याऐवजी चार गोष्टी बघा. पानं दांड्यावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? दांडा मोडला की काय निघतं : स्वच्छ पाणी, बुळबुळीत रस, पांढरा चीक की पिवळा चीक? पान चुरगळलं की वास कसला येतो? आणि देठ पानाला नेमका कुठे जोडलाय? यातल्या तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्यायचं. चव घेऊन ओळखणं हे विकत आणलेल्या, माहितीतल्या भाजीपुरतं ठेवा. रानातला अनोळखी पाला जिभेवर ठेवायचा नाही.

चाकवत | 6 जुलै, सकाळी 10:30

पालक, चुका, चाकवत, चंदनबटवा ही चौकडी मी घेते.

पालकाचं पान गडद हिरवं, गुळगुळीत, देठ लांब आणि आतल्या बाजूने पन्हाळीसारखा. चुक्याचं पान फिकट, पोपटीकडे झुकणारं, मांसल आणि ठिसूळ. दुमडलं तर वाकत नाही, कट्कन मोडतं. पालकाचं पान दुमडून सोडलं तर पुन्हा उघडतं. चुक्याची जुडीही बुटकी असते. शिजताना चुक्याचा हिरवा रंग जाऊन शेवाळी-तपकिरी होतो आणि पान पूर्ण विरघळतं. आंबटामुळे हिरवा रंग टिकत नाही, भाजी जुनी आहे असं समजून टाकून देऊ नका. पालक मात्र शिजून तपकिरी झाला तर बहुतेक वेळा तो झाकण ठेवून फार वेळ शिजवलेला असतो.

चाकवताची खूण शेंड्यात आहे. अगदी कोवळी दोन-चार पानं बोटांत धरून उजेडाकडे तिरकी करा. पिठी साखर भुरभुरावी तशी पांढरट, कधी गुलाबीसर भुकटी दिसते. बोटाने पुसली की पुसली जाते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. पानाची मागची बाजूही याच भुकटीमुळे पांढुरकी असते, म्हणून धुताना पाणी पानावर ठरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. ही भुकटी म्हणजे फवारलेलं औषध नव्हे. औषधाचे डाग ठिपक्यांचे किंवा ओघळाचे असतात आणि जुन्या पानांवर जास्त दिसतात. चाकवताची भुकटी नेमकी उलट, जितकं पान कोवळं तितकी जास्त.

चंदनबटवा थंडीत येतो. त्याचं पान चाकवतापेक्षा बरंच मोठं, त्रिकोणी, मऊ. जुडीत बी धरलेली एखादी काडी सापडली तर पक्कं होतं : चंदनबटव्याचं बी दोन गोल पातळ पापुद्र्यांच्या मध्ये बसलेलं असतं. चाकवताचं बी बारीक, झुबक्यात, पापुद्र्यांशिवाय.

वनस्पतीवेडी | 6 जुलै, दुपारी 12:05

चाकवतताई, एक महत्त्वाची भर. शेतात चाकवतासोबत रानचाकवतही उगवतो. त्याचं पान चकचकीत गडद, कडा धारदार दातेरी, भुकटी अगदी कमी, चुरगळल्यावर वास नकोसा. तो जुडीत आला तर भाजीची चव बिघडते.

खरी काळजी धोतऱ्याच्या कोवळ्या रोपाची. दहा-बारा सेंटिमीटरचं धोतऱ्याचं रोप पालेभाजीत सहज खपून जातं. त्याच्या पानाचं बूड बघा. मधल्या शिरेच्या एका बाजूचं पातं देठावर खाली उतरलेलं असतं, दुसऱ्या बाजूचं वर थांबलेलं. दोन्ही बाजू एका पातळीत मिळत नाहीत. भुकटी अजिबात नाही आणि चुरगळलं की जड, उग्र वास. धोतरा शिजवून निर्विष होत नाही. तोंड कोरडं पडणं, बुबुळं मोठी होणं, बरळणं ही त्याची लक्षणं.

नवशिकी_कोथरूड | 6 जुलै, दुपारी 1:40

माठ, तांदुळजा, पोकळा, राजगिरा ही एकाच भाजीची नावं आहेत का? भाजीवाल्या मावशी एकाच ढिगाला दोन नावं सांगतात. आणि मुंबईकडची माणसं याला चवळी म्हणतात, तो काय प्रकार?

मंडईकर | 6 जुलै, दुपारी 2:20

भावंडं आहेत सगळी, पण एक नव्हेत. सगळ्यांची पानं एकाआड एक आणि दांडा मोडला की नुसतं पाणी.

तांदुळजा मुळासकट उपटून, कोवळा असतानाच येतो. दांडा बारीक, फिकट, नखाने सहज तुटतो. पोकळ्याच्या पानाच्या टोकाला बारीक खाच असते, जणू कोणी नखाने टोक खुडलंय. राजगिऱ्याचं पान लांबट, टोकदार, मागच्या शिरा उठावदार, देठही लांब. माठ लाल आणि हिरवा, दोन्ही. जून झाला की पानं बाजूला काढून दांड्याची सालं काढायची, ते देठीचे तुकडे आमटीत किंवा ऋषिपंचमीच्या भाजीत.

लाल माठ चिरल्यावर आणि शिजवल्यावर रंग सोडतो, तो त्याचा स्वतःचा. पण अखंड पानं गार पाण्यात बुडवल्याबरोबर पाणी लालभडक झालं तर मात्र ती जुडी घेऊ नये.

मुंबईत चवळी किंवा चवळई म्हणून जी पालेभाजी विकतात ती याच माठाच्या घरातली. पुण्यात चवळी म्हटलं की शेंग किंवा कडधान्य. त्यामुळे पाककृतीत "चवळीची जुडी" वाचली की माठ-तांदुळजा समजा.

रानवाट | 6 जुलै, दुपारी 3:00

काटेमाठ राहिला. पानाच्या बगलेत दोन सरळ काटे. खातात, पण फक्त कोवळे शेंडे, काटे काढून. आणि आघाड्याचं कोवळं रोप माठ म्हणून येतं. त्याची पानं समोरासमोर असतात आणि पेर फुगीर. आघाड्याचीही भाजी करतात, त्यामुळे धोका नाही, पण माठाचे पैसे देऊन आघाडा घ्यायचं कारण नाही.

स्वयंपाकघर | 6 जुलै, रात्री 9:15

अळूवर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसगत अळूतच होते.

पहिली खूण देठाच्या जोडाची. अळूचं पान उताणं धरा आणि देठ पात्याला कुठे मिळतो ते बघा. पानाच्या वरच्या बाजूला दोन कानांसारखे भाग असतात आणि त्यांच्यामध्ये खाच. खाण्याच्या अळूत देठ त्या खाचेच्या टोकाशी जुळत नाही. खाचेपासून थोडा आत, पात्याच्या पाठीत घुसतो. ढालीला मागून मूठ असते तसा. वरून पाहिलं तर जोडाच्या जागी एक ठिपका दिसतो, बहुतेक वेळा फिकट किंवा जांभळा. झाडावर पान खाली झुकलेलं असतं आणि वरची बाजू मखमली, पाणी टाकलं तर थेंब पाऱ्यासारखा पळतो.

कुंडीत आणि सोसायट्यांच्या बागेत लावलेला मोठा चकचकीत शोभेचा अळू वेगळा. त्याचं पान बहुधा आभाळाकडे ताठ, पृष्ठभाग मेणचट, आणि वाढलेल्या पानात देठ थेट खाचेत जुळतो. तो खाऊ नये. रंगीत ठिपक्यांच्या शोभेच्या अळूत देठ खाण्याच्या अळूसारखाच आत जुळतो, म्हणून एकट्या या खुणेवर जाऊ नका. गुलाबी, पांढरे, लाल ठिपके किंवा पट्टे असलेलं कोणतंही पान वर्ज्य.

दुसरी गोष्ट, वडीचा आणि भाजीचा. वडीला काळपट-जांभळ्या देठाचा, मोठ्या आणि जाड पानाचा अळू घ्यायचा. फतफत्याला हिरव्या देठाचा, लहान पातळ पानाचा. उलटं केलं तर काय होतं? भाजीच्या पातळ पानाची वळकटी उकडताना फाटते आणि पीठ बाहेर येतं. वडीचं पान फतफत्यात घातलं तर एकजीव होत नाही, दाताखाली येत राहतं.

खाज का सुटते तेही सांगते. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचे जुडगे असतात. ते घशाला आणि जिभेला टोचतात. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून धुऊन खाज जात नाही. आंबट घालणं आणि पूर्ण शिजवणं, दोन्ही लागतं. फतफत्यात चुका घालायची पद्धत त्याचसाठी. दहा-बारा पानांच्या वड्यांना लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ पिठात कालवा आणि वळकट्या 20 ते 25 मिनिटं उकडा. सुरी घातल्यावर स्वच्छ बाहेर आली पाहिजे. मधला भाग कच्चा राहिला तर वरून कितीही खरपूस तळा, खाज राहते. पानाच्या मागची जाड शीर सुरीने सोलून सपाट करायची, कारण जाड भाग आत शिजायला वेळ लागतो. चिरताना हाताला तेल लावा.

चाकवत | 6 जुलै, रात्री 9:50

देठांची सालं काढायला विसरू नका, फतफत्यात देठ घालताना हमखास राहून जातं.

रानवाट | 7 जुलै, सकाळी 7:30

घोळ. ही एक भाजी अशी आहे की ओळखीला पाच सेकंद लागतात, पण ते पाच सेकंद द्यायलाच हवेत.

घोळ जमिनीलगत पसरते. दांडा गोल, लालसर, गुळगुळीत, पाण्याने भरलेला. पान चमच्यासारखं, जाड, देठ जवळजवळ नाहीच, फांदीच्या टोकाला पानांचा झुबका. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, उन्हात थोडे तास उघडतं. चव आंबूस.

तिच्याच शेजारी, फरसबंदीच्या फटीत आणि कुंडीत, लहान दुधी (हे तण, भोपळा नव्हे) उगवते. तीही जमिनीला चिकटून, दांडा तिचाही लालसर. दोन्ही काड्या तळहातावर शेजारी ठेवल्या तर फरक कळतो : दुधीचं पान पातळ, समोरासमोर, बुडाशी एक बाजू तोकडी, दांडा तारेसारखा बारीक आणि बहुधा लवदार. घोळीचा दांडा दोन बोटांत दाबला की पिचून ओला होतो, दुधीचा नुसता वाकतो. आणि निर्णायक खूण, मोडलं की दुधीतून पांढरा चीक. घोळीतून कधीच नाही. प्रत्येक काडी मोडून बघा, तीही दोन-तीन ठिकाणी, कारण सुकत आलेल्या रोपातून चीक कमी येतो आणि एका ठिकाणी मोडून फसायला होतं. चीक दिसला तर ती काडी तर टाकाच, सबंध वाटा पुन्हा निवडा.

तिसरं सारखं दिसणारं झाड म्हणजे पांढरी घेटुळी, विषखापरा. पान जाड आणि गोलसर, म्हणून घोळीसारखं वाटतं. पण पानं जोडीने येतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान. फूल पिवळं नाही. गुलाबी किंवा पांढरं, बगलेत रुतलेलं.

घोळीची धाकटी बहीण चिवळ. पानं तांदळाएवढी, पेरापेराशी पांढरे केस. तिलाही चीक नाही.

नवशिकी_कोथरूड | 7 जुलै, सकाळी 8:10

फार उपयोगी. मेथीच्या जुडीत कधीकधी लांबट पानांच्या काड्या निघतात, त्यांना वास नसतो. ते काय असतं?

मंडईकर | 7 जुलै, सकाळी 8:45

लसूणघास असणार. जनावरांचा चारा. मेथीसारखीच तीन तीन पानं, म्हणून मिसळून जातो. मेथीची पर्णिका (तिनातलं एकेक सुटं पान) टोकाकडे रुंद, गोलसर. लसूणघासाची अरुंद, आणि तिची कड फक्त टोकाकडच्या भागात दातेरी असते, टोकाला बारीक काटेरी बिंदू. चुरगळा : मेथीचा वास बोटांवर राहतो, घासाला गवताचा.

दुसरं तण रानमेथी. तिची कड बरीच खालपर्यंत दातेरी, फुलं बारीक पिवळी, तुऱ्यात. मेथीचं फूल पांढरट, बगलेत एकेकटं किंवा जोडीने, आणि शेंग लांब, वाकडी. वाळत आल्यावर रानमेथीला सुक्या गवताचा गोडसर वास येतो. निवडून टाका. ओलसर, बुरशी धरलेली रानमेथी जनावरांनाही अपाय करते.

भोरकर | 7 जुलै, सकाळी 11:20

करडईबद्दल कोणी लिहिलं नाही. थंडीतली भाजी आहे, पण घोटाळा मोठा असल्यामुळे आत्ताच नोंदवतो.

करडई भाजीसाठी कोवळी, वीतभर असतानाच उपटतात. तेव्हा पान मऊ, लांबट, कड किंचित दातेरी. जून झाली की कडेला काटे येतात आणि भाजी खाण्याजोगी राहत नाही. तिच्यासारखंच काटेरी कडेचं रोप म्हणजे पिवळा धोतरा. पडीक शेतात, रस्त्याच्या कडेला सगळीकडे. त्याच्या पानावर शिरांच्या कडेने पांढरट-निळसर पट्टे असतात, आणि मोडलं की हळदीसारखा पिवळा चीक. करडईच्या दांड्यातून पिवळं काही येत नाही.

पिवळ्या धोतऱ्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्याने 1998 साली दिल्लीत मोठी विषबाधा झाली होती. अंगावर सूज, हृदयावर परिणाम. त्यामुळे पिवळा चीक दिसला की पुढची चर्चा नाही, सगळी जुडी फेकायची आणि हात धुवायचे.

वनस्पतीवेडी | 7 जुलै, दुपारी 4:30

टाकळा आणि कासविंदा. आत्ता बाजारात टाकळा येतोय, म्हणून नीट लिहिते.

टाकळ्याच्या एका पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या. टोकाची जोडी सर्वांत मोठी. पर्णिकेचं टोक गोल, वर रुंद आणि खाली निमुळती. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. मोजायचं ते पूर्ण वाढलेलं पान, शेंड्याचं अर्धं उमललेलं नाही. संध्याकाळी पर्णिका मिटतात, तेव्हा हाताने उलगडून मोजा.

अजून बारीक खूण हवी असेल तर ग्रंथी बघा. टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या मध्ये, मधल्या दांडीवर, टाचणीच्या डोक्याएवढा काडीसारखा उंचवटा असतो. कासविंद्यात असा उंचवटा तिथे नसतो, तो देठाच्या अगदी बुडाशी, गोल आणि फुगीर. भिंगाशिवाय दिसतो, उजेड चांगला हवा.

एवढा बारकावा का? पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचं कारण कासविंद्याच्या शेंगा आणि बिया खाणं हे असल्याचं संशोधनातून पुढे आलं. मेंदू, यकृत आणि स्नायू तिन्ही सापडतात. आपल्याकडे टेकड्यांच्या पायथ्याला आणि रिकाम्या प्लॉटवर दोन्ही झाडं शेजारी उगवतात.

टाकळा फुलावर यायच्या आत, पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांतच घ्यावा. जून पान कडवट आणि चरबट.

रानवाट | 7 जुलै, सायंकाळी 6:00

कुर्डूचंही तसंच, कोवळा असेतो. पान माठासारखं, पण अरुंद आणि टोकदार. तुरा गुलाबी-पांढरा, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा. तुरा आला की भाजी संपली.

फोडशीबद्दल मात्र सावध राहा. लांब गवतासारखी पानं, सगळी जमिनीतून एकाच जागेहून निघालेली, बुडाशी पांढरी. फोडशीच्या बुडाशी कांदा नसतो, मुळांचा जुडगा असतो. कांदा असलेल्या पावसाळी लिलीच्या जातीतली बरीच झाडं विषारी आहेत आणि पानं कापून आणली की ती तशीच दिसतात. म्हणून फोडशी नेहमी मुळासकट असलेलीच घ्यावी. पानाचं टोक गोफासारखं वळलेलं आणि पानं उभ्या खोडावर असतील तर ती कळलावी. तिचं विष शिजवून जात नाही.

स्वयंपाकघर | 7 जुलै, रात्री 8:40

अंबाडी आणि शेपू थोडक्यात. अंबाडीचं वरचं पान तीन ते सात बोटांत विभागलेलं, दांड्यावर बारीक काटेरी खरखर, चव आंबट. उकडून पिळून घेतली की जास्तीचा आंबटपणा जातो. शेपूला निळसर झाक, पान दोऱ्यासारखं, दांडा पोकळ आणि वास चुकणं शक्य नाही.

कढीपत्ता आणि कडुनिंब यांच्यात गल्लत होणाऱ्यांसाठी : कडुनिंबाची पर्णिका कोयत्यासारखी वाकडी आणि कडेला करवती, कढीपत्त्याची सरळ. वास तर आहेच.

नवशिकी_कोथरूड | 7 जुलै, रात्री 9:30

कोथिंबिरीच्या जुडीत गाजराच्या पानासारखं काहीतरी येतं, ते गाजरगवत असू शकतं का?

वनस्पतीवेडी | 7 जुलै, रात्री 10:05

असू शकतं. गाजरगवताचं कोवळं रोप जमिनीला चपट्या फुलासारखं चिकटलेलं असतं, पानं राखाडी हिरवी आणि लवदार, ना धन्याचा वास ना गाजराचा. कोथिंबीर पूर्ण गुळगुळीत, लव अजिबात नाही. हीच एक खूण अंधारातही चालते, बोट फिरवा. हे तण देशात नोंदलं गेलं तेच पुण्यात, 1955 च्या सुमारास, आणि इथल्या शेतातून ते गेलेलं नाही. त्वचेला लागून पुरळ येतं, म्हणून निवडताना हात धुवा.

भोरकर | 8 जुलै, सकाळी 9:00

शेंगांच्या नावांचा गोंधळही इथेच मिटवू. पुण्याचा श्रावण घेवडा म्हणजे मुंबईची फरसबी. तिचंच सुकलेलं बी राजमा. नुसता घेवडा किंवा वालपापडी ही वेगळी वेल : शेंग चपटी, रुंद, कड जाड आणि खरबरीत, मोडल्यावर उग्र वास, टोकाला वाकडं शेपूट. गवारीची शेंग झुबक्यात, सरळ, बारीक लवेची. श्रावण घेवडा कट्कन मोडला तर कोवळा. वाकला आणि दोरा सुटला तर जून.

राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटाला बाधतो. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळी आणायची, मग मऊ शिजवायचा. मंद आचेवर नुसता कोमट शिजवलेला जास्त त्रास देतो.

दोडका आणि घोसाळं : दोडक्याला उभ्या धारदार शिरा, घोसाळं गुळगुळीत. खानदेशात घोसाळ्याला गिलकं म्हणतात.

स्वयंपाकघर | 8 जुलै, सकाळी 9:40

दोडका आणि दुधी भोपळा चिरण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा जिभेच्या शेंड्याला लावून थुंका. कडू लागला तर अख्खा टाका. कारल्याचा कडवटपणा वेगळा, दुधीचा कडवटपणा म्हणजे विष, आणि ते शिजवून जात नाही. साखर किंवा लिंबू घालून कडूपणा झाकला की उलट जास्त पोटात जातं. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यू झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनेही कडू रस पिऊ नये असं बजावलेलं आहे. दिसायला कडू दुधी नेहमीसारखाच असतो, म्हणून चवीशिवाय उपाय नाही.

मंडईकर | 8 जुलै, सकाळी 11:15

ज्यांना इथे फोटो टाकून विचारायचंय त्यांच्यासाठी. एका पानाच्या फोटोवरून कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. पाच फोटो द्या : सबंध रोप मुळासकट, पेर जवळून, पानाची मागची बाजू, मोडलेला दांडा ताजा असतानाच, आणि फूल किंवा शेंग असल्यास ती. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. सावलीत काढा, फ्लॅश नको, फ्लॅशने लव आणि भुकटी दिसेनाशी होते. कुठे मिळालं तेही लिहा. फोनमधली ओळखणारी ॲपं कुळापर्यंत बऱ्यापैकी पोचतात, पण टाकळा-कासविंदा आणि घोळ-दुधी यांत चुकतात.

ज्याचा निकाल इथे लागत नाही असा नमुना वर्तमानपत्रात दाबून आघारकर संशोधन संस्थेत किंवा कोरेगाव पार्कच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयात विचारता येतो. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे.

मुळा-मुठेच्या काठचा आणि नाल्याकडेचा पाला ओळखीचा असला तरी घेऊ नये. सांडपाण्यातले धातू पालेभाजी शोषून घेते, ते धुऊन जात नाहीत.

वनस्पतीवेडी | 8 जुलै, दुपारी 12:30

आणि चुकून काही खाल्लंच गेलं तर : तोंड खळखळून धुवा, बळेच उलटी काढू नका, उरलेली कच्ची आणि शिजलेली भाजी दोन्ही पिशवीत घेऊन रुग्णालय गाठा. पाल्याचं नाव कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. अळूने जीभ सुजली आणि श्वास लागला तरीही थांबू नका. म्हणूनच रानभाजी निवडताना एक अखंड काडी शिजवायच्या आधी बाजूला ठेवावी, दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची.

नवशिकी_कोथरूड | 8 जुलै, दुपारी 1:10

शेवटची शंका. ऋषिपंचमीच्या आधी मंडईत चिरलेल्या मिश्र भाजीचे वाटे मिळतात. त्यात अळूचे देठ आणि माठाचे देठ एकत्र असतात. चिरल्यावर ते कसे ओळखायचे? घरी एकाला अळू चालत नाही.

स्वयंपाकघर | 8 जुलै, दुपारी 1:45

तुकड्याचं तोंड बघा. अळूचा देठ आतून स्पंजासारखा, बारीक बारीक हवेच्या भोकांनी भरलेला, आणि वजनाला हलका. पाण्यात टाकला तर तरंगतो. माठाची देठी भरीव, कडेला दोरे, बुडते किंवा अर्धी बुडते. सालं काढलेले जांभळट तुकडे दोन्हींचे असू शकतात, म्हणून रंगावर जाऊ नका. ज्यांना अळू चालत नाही त्यांच्यासाठी तयार वाटा घेऊच नये, कारण सुरी आणि पाटी तीच असते. माठ, अंबाडी, पडवळ, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस सुटं घ्या आणि घरी चिरा. अळूऐवजी चुका घातला तरी आंबटपणा जमतो.

नवशिकी_कोथरूड | 8 जुलै, दुपारी 2:00

धन्यवाद ताई. सुटंच घेते.